पॉइंट टू-टू रायफलीचा बोल्ट अडखळतो तेव्हा: तपासणी कोठून सुरू करावी आणि कोठे थांबावे

गेली चौदा वर्षे मी पश्चिम महाराष्ट्रातील एका नेमबाजी क्लबच्या रायफलींची देखभाल पाहतो आहे. त्यांतील बहुतेक .२२ बोअरच्या, प्रत्येक गोळी हाताने भरून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दंडगोल) हातानेच चालवायच्या टार्गेट रायफली आहेत. या काळात माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार एकच आहे: "बोल्ट जड चालतोय." या तीन शब्दांच्या पोटात निदान सहा वेगवेगळे दोष दडलेले असतात, आणि त्यांतील चार घरच्या घरी, चिंधी, जुना टूथब्रश आणि तासाभराची सवड एवढ्यावर बरे होतात. उरलेल्या दोहोंना मात्र आपण हात लावायचा नसतो. कोणता दोष कोणत्या गटातला हे ओळखता यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

लक्षणे

बोल्टची मूठ वर उचलताना जोर लागतो आणि खांदा हलतो. बोल्ट मागे-पुढे सरकवताना वाळूचे कण घासल्यासारखी करकर हाताला जाणवते. रिकामा बोल्ट सहज बंद होतो, पण काडतूस घातले की मूठ शेवटचे बोटभर अंतर खाली जायला तयार नसते. झाडल्यानंतर पुंगळी (काडतुसाचे रिकामे पितळी आवरण) चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतच, चिकटून राहते, किंवा अर्धी बाहेर येऊन आडवी पडते. सकाळी पहिल्या वीस गोळ्यांपर्यंत सारे सुरळीत असते आणि चाळिसाव्या गोळीच्या सुमारास बोल्ट हट्टाला पेटतो. आणि शेवटचे लक्षण असे, की एकाच रायफलीचा बोल्ट एका नेमबाजाच्या हातात लोण्यासारखा चालतो आणि दुसऱ्याच्या हातात अडकतो.

हे सगळे त्रास सारखे वाटले तरी त्यांची मुळे एक नाहीत. म्हणून पुसायला किंवा तेल घालायला धावण्याआधी, अडतो नेमका कोठे, हे ठरवावे.

बोल्टच्या एका फेरीत चार हालचाली असतात: मूठ वर, बोल्ट मागे, बोल्ट पुढे, मूठ खाली. रायफल रिकामी करून, मॅगझिन असल्यास ते काढून, या चार हालचाली डोळे मिटून, अगदी सावकाश कराव्यात. डोळे मिटल्यावर हाताला अडथळ्याची जागा किती नेमकी कळते याचे मला आजही नवल वाटते. कोणत्या हालचालीत आणि तिच्या कोणत्या टप्प्यावर हात थबकला ते कागदावर लिहून ठेवावे. मूठ उचलताना लागणारा जोर हा फायरिंग पिनची (काडतुसावर आपटून ते पेटवणाऱ्या टोकाची) स्प्रिंग आणि तिला दाबणारा बोल्टवरचा तिरका उतार यांचा प्रश्न असतो, मागे-पुढे होताना लागणारी करकर ही मार्गाची आणि घाणीची असते, आणि केवळ काडतूस घातल्यावर येणारा अडथळा हा चेंबर, बोल्टचा चेहरा किंवा खुद्द काडतूस यांपैकी एकाचा असतो. एवढी विभागणी झाली की अर्धे काम संपलेच.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही जडपणा हा दोष नसून रचनेचा भाग असतो. आजच्या बहुतेक टार्गेट रायफलींमध्ये मूठ वर उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळे झाडल्यानंतरची उचल ही न झाडता केलेल्या उचलीपेक्षा जड असणारच. याउलट, पूर्वीच्या पोलिसांच्या हातात दिसणाऱ्या .३०३ ली-एनफिल्डमध्ये हीच स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना, शेवटच्या टप्प्यात दाबली जाते. ज्यांचा हात तिच्यावर तयार झाला आहे, त्यांना आधुनिक .२२ रायफलीची उचल जड वाटते आणि बंद करणे विलक्षण हलके. तसेच, टार्गेट रायफलीच्या आखूड आणि घट्ट चेंबरमध्ये गोळीचे शिसे नळीतल्या खाचांना मुद्दाम टेकवलेले असते. म्हणून काडतूस भरून मूठ खाली आणताना शेवटी किंचित, मऊ, लोणी कापल्यासारखा विरोध जाणवतो. रेंजवर असे न झाडलेले काडतूस बाहेर काढून उजेडात फिरवून पाहिले, तर शिशाच्या पुढच्या भागावर सारख्या अंतरावर बारीक रेघा उमटलेल्या दिसतात. त्या दिसाव्यातच. तो विरोध घालवण्याच्या मागे लागू नये.

सुरुवात करण्यापूर्वी

काडतुसे वेगळ्या खोलीत ठेवावीत. बोल्ट उघडून चेंबर डोळ्यांनी पाहावे, आणि करंगळीने किंवा लाकडी काडीने चाचपूनही पाहावे, कारण संधिप्रकाशात काळे पडलेले चेंबर आणि आत राहिलेली काळी पुंगळी यांत डोळा फसतो. नळीचे तोंड कोणत्याही क्षणी माणसाकडे असता कामा नये. काडतूस घालून करायच्या सर्व चाचण्या फक्त रेंजवर, फायरिंग पॉइंटवर, टार्गेटच्या दिशेने आणि रेंज ऑफिसरला सांगून कराव्यात. घरी नव्हे, अंगणात तर नव्हेच.

पहिली तपासणी: हात

या तपासणीला पैसाही लागत नाही आणि म्हणूनच ती कोणी करत नाही. बोल्ट हा रिसीव्हरमध्ये, म्हणजे नळीमागच्या धातूच्या चौकटीत, बेताच्या मोकळेपणाने बसलेला दंडगोल असतो. मुठीला बाजूला किंवा वर ओढत ढकलले, की तो तिरका होतो आणि दाराची खिट्टी तिरकी ओढल्यावर अडकावी तसा दोन टोकांना अडकतो. नवे नेमबाज बहुधा मूठ चारही बोटांनी घट्ट पकडून स्वतःकडे खेचतात. बोल्ट मागे येतो खरा, पण त्याच वेळी बाहेरच्या बाजूलाही ओढला जातो.

गेल्या वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलीची रायफल तिचे वडील तीन वेळा माझ्याकडे घेऊन आले. तिन्ही वेळा माझ्या टेबलावर बोल्ट उत्तम चालला. अखेर मी तिला मॅटवर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे, झोपवले आणि बाजूला बसून पाहिले. स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) एक भोक जास्त घट्ट होती, कुंद्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचा, मागचा भाग तिच्या हाताच्या मानाने लांब होता, त्यामुळे मुठीपर्यंत पोहोचण्यासाठी तिला मनगट वळवावे लागे आणि ढकलण्याचा जोर सरळ रेषेत न जाता खाली जाई. कुंदा एक सेंटिमीटर आखूड केल्यावर तक्रार मिटली. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की टेबलावर न दिसणारा दोष आधी मॅटवर शोधायचा.

मूठ उचलायला तळहात किंवा तर्जनीची बाजू, मागे आणायला बोटांचा हलका आकडा, आणि पुढे न्यायला अंगठ्याचा मागून सरळ जोर, एवढे बदलून पाहावे. प्रोनच्या स्पर्धेत पन्नास मिनिटांत साठ गोळ्या झाडायच्या असतात, थ्री पोझिशनमध्ये नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन आणि स्टँडिंग (उभ्याने) मिळून वीस-वीस अशा साठ. सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्या) धरले नाहीत तरी त्या साठ गोळ्यांसाठी हात दोनशे चाळीस वेळा बोल्टवर काम करतो. प्रत्येक वेळी डावे कोपर एक केस जरी सरकले तरी पोझिशन पुन्हा बांधावी लागते. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने याच थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. ती अंतिम फेरी पुन्हा पाहताना त्याचे टार्गेट सोडून केवळ उजवा हात पाहावा, म्हणजे सुरळीत बोल्ट ही चैन नाही हे कोणालाही समजेल.

दुसरी तपासणी: मॅगझिन आणि काडतूस

ज्या रायफलींना मॅगझिन आहे, त्यांचे मॅगझिन काढून बोल्ट चालवून पाहावा. मॅगझिनची वरची कड वाकली असेल, किंवा ते आपल्या जागी एखाद मिलिमीटर वर बसत असेल, तर बोल्टचे पोट त्यावर घासते. मॅगझिन काढताच करकर थांबली तर रायफलीला दोष देण्याचे कारणच उरत नाही.

नंतर काडतुसांचा लॉट (एकत्र तयार झालेली खेप) बदलून पाहावा. .२२ लाँग रायफल काडतुसाची एक खासियत येथे लक्षात घ्यावी लागते. त्याच्या सुमारे २.६ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळीचा व्यास जवळजवळ पुंगळीएवढाच असतो, त्यामुळे गोळीला लावलेले मेण किंवा ग्रीस पुंगळीच्या आत लपत नाही, ते उघड्यावर राहते. ते बोटांना लागते, धूळ पकडते, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन तास राहिले तर मऊ होऊन खोक्याच्या तळाशी उतरते. अशा खोक्यातल्या काही गोळ्या कोरड्या तर काही लडबडलेल्या निघतात. काडतुसे मॅटवर ओतून ठेवण्याची सवय असलेल्या नेमबाजांच्या चेंबरमध्ये मी तांबडी माती पाहिली आहे. एका लॉटला बोल्ट अडतो आणि दुसऱ्याला अडत नाही असे दिसले, तर पहिला लॉट सरावाला ठेवावा आणि पुढच्या तपासण्या तरीही कराव्यात. बहुतेक वेळा चेंबर आधीच अर्धे घाण झालेले असते आणि बुडाची कड जरा जाड असलेल्या लॉटने ते फक्त उघड केलेले असते.

एक सक्त सूचना. रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण कडेतच भरलेले असते आणि काडतूस चेंबरमध्ये थांबतेही कडेवरच. म्हणून मूठ खाली जात नसेल तर तळहाताने ठोकून ती कधीही बंद करू नये. बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच कड चिरडली जाऊन गोळी उडण्याचा धोका असतो.

तिसरी तपासणी: बोल्टची स्वच्छता

माझ्या अनुभवात सर्वाधिक रायफली येथेच बऱ्या होतात. बोल्ट बाहेर काढावा आणि पांढऱ्या सुती कापडावर ठेवून त्याचा पुढचा चेहरा उजेडात पाहावा. काडतुसाची कड जेथे बसते त्या उथळ वाटीच्या कडेला काळपट, मेणचट थर दिसेल. नखाने खरवडल्यावर तो भुग्यासारखा न पडता मेणबत्तीच्या खरवडीसारखा वळतो. तोच थर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून बाहेर काढणाऱ्या भागाच्या) दोन्ही नखांखाली साचलेला असतो. कडेसाठी बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये ठेवलेली जागा मिलिमीटरभराच्या आसपास असते. तिच्यात कागदाएवढा थर जमला तरी मूठ खाली जाताना अडते, आणि नखांखाली जमला तर नखे कडेवर पुरती चढत नाहीत आणि पुंगळी आतच राहते. म्हणजे एकाच घाणीने दोन वेगवेगळी लक्षणे दिसतात.

लाकडी दातकोरणे, जुना टूथब्रश आणि बंदुकीचे सॉल्व्हंट एवढे यासाठी पुरेसे आहे. पोलादी सुई किंवा चाकूचे टोक वापरू नये, कारण नखाच्या धारेवर पडलेला ओरखडा पुढे पुंगळीच्या पितळेवर घासत राहतो. बोल्टचे अंग, मुठीचे मूळ, मागच्या बाजूच्या खाचा आणि रिसीव्हरमधील मार्ग चिंधीने पुसून घ्यावेत. चिंधी पांढरीच हवी. रंगीत कापडावर काय निघाले ते कळत नाही, आणि जे निघाले तेच निदान असते: काळे आणि चिकट असेल तर मेण व काजळी, तांबूस असेल तर गंज किंवा माती, पिवळट आणि डिंकासारखे असेल तर जुने तेल.

त्या पिवळ्या डिंकाबद्दल थोडे अधिक लिहितो. आपल्याकडे रायफलीला घरात असेल ते तेल लावण्याची रीत आहे. खोबरेल तेल लावलेल्या रायफली मी स्वतः उघडल्या आहेत. खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते. डिसेंबरमध्ये सकाळी सहा वाजता केसांच्या तेलाची बाटली कशी पांढरी होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तेच बोल्टच्या पोटात, फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवती घडते. अशा रायफलीचा बोल्ट तर जड होतोच, शिवाय पिनचा फटका मंदावतो आणि काही गोळ्या पेटतच नाहीत. स्वयंपाकाची तेले कालांतराने हवेने घट्ट होऊन वार्निशसारखी बसतात. शिलाई मशीनचे पातळ तेल वेळप्रसंगी चालते, कारण ते खनिज तेल असते, पण तेही पुसून केवळ ओल राहील एवढेच.

चौथी तपासणी: वंगण योग्य जागी आहे का

स्वच्छ झालेला बोल्ट पूर्ण कोरडाही चालवू नये. मूठ उचलताना ज्या उतारावर स्प्रिंग दाबली जाते, त्या उतारावर तांदळाच्या कणीएवढे ग्रीस. लॉकिंग लगच्या (बंद बोल्टला जागी अडकवून धरणाऱ्या उंचवट्याच्या) मागच्या, म्हणजे जोर सोसणाऱ्या बाजूवर तेवढेच. मुठीच्या मुळाशी, जेथे ती रिसीव्हरला टेकते, तेथे बोट फिरवल्याइतके. आणि बोल्टच्या अंगावर तेलाने ओलसर झालेली चिंधी एकदा फिरवणे. बस्स. बोल्टचा चेहरा आणि चेंबर मात्र कोरडे ठेवावेत. तेथे तेल राहिले तर ते काजळीला धरून ठेवते आणि पन्नास गोळ्यांत आपण पुन्हा तिसऱ्या तपासणीवर येतो.

जास्त ग्रीस घातल्याने बोल्ट पहिल्या दिवशी फार छान चालतो, म्हणूनच लोक फसतात. उघड्या रेंजवरची धूळ त्यावर बसली की आठवडाभरात त्याच ग्रीसची घासणारी लेई तयार होते. पावसाळ्यात याउलट चूक होते: रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवली जाते, फोम ओल धरतो, आणि बोल्टवर नेमक्या फोम टेकलेल्या जागी तांबूस ठिपके उठतात. जून ते सप्टेंबर या काळात सिलिका जेलची पुडी कपाटात ठेवावी आणि बोल्ट आठवड्यातून एकदा पुसावा.

पाचवी तपासणी: चेंबर

"पहिल्या वीस गोळ्या बऱ्या, चाळिसाव्याला हट्ट" असे लक्षण असेल आणि बोल्ट स्वच्छ असेल, तर बहुधा चेंबरच्या पुढच्या टोकाला काजळीचे कडे तयार झालेले असते. पुंगळीचे तोंड जेथे संपते त्याच्या लगेच पुढे, प्रत्येक गोळीबरोबर काजळी, शिसे आणि मेण यांचा पातळ थर बसतो, उष्णतेने कडक होतो आणि वर्तुळासारखा साचतो. पुढचे काडतूस त्यावर जाऊन टेकते. हे कडे गोळीगणिक वाढत जाते, म्हणून त्रास सत्राच्या मध्येच उफाळतो.

स्वच्छता नेहमी मागून, म्हणजे बोल्ट काढलेल्या बाजूने, बोअर गाइड (सफाईचा रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून करावी. पुढून रॉड घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते आणि अचूकपणा तेथेच संपतो. सॉल्व्हंटने भिजवलेली चिंधी चेंबरमध्ये दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावी, नंतर .२२च्या पितळी-ब्राँझ ब्रशने चेंबरच्या पुढच्या भागात हाताने सावकाश आठ-दहा फेऱ्या द्याव्यात आणि कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत पुसावे. या सगळ्या वेळात नळीचे तोंड मागच्या बाजूपेक्षा खाली असले पाहिजे. ते वर राहिले तर सॉल्व्हंट ओघळून चापाच्या यंत्रणेत उतरते, तेथले वंगण धुऊन नेते, आणि बोल्ट दुरुस्त करता करता चाप बिघडवून ठेवला जातो. ड्रिल मशीनला ब्रश लावून चेंबर घासण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

स्वच्छतेनंतरच्या पहिल्या काही गोळ्या नेहमीच्या जागी लागत नाहीत, म्हणून हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री काढू नये.

सहावी तपासणी: कुंद्याचे स्क्रू

रायफलीचा धातूचा भाग कुंद्याला दोन किंवा अधिक स्क्रूंनी बांधलेला असतो. ते असमान आवळले, तर रिसीव्हरला अगदी बारीक पीळ बसतो आणि बोल्टचा सरळ मार्ग वाकडा होतो. काही रायफलींत स्क्रू बदलताना जरा लांब स्क्रू बसवला गेला तर त्याचे टोक थेट बोल्टला किंवा लगला लागते. अशा बोल्टच्या पोटावर चमकदार ओरखड्याची एकच रेघ दिसते. तपासण्याचा मार्ग सोपा आहे: प्रत्येक स्क्रू पाव फेरा सैल करावा आणि बोल्ट चालवून पाहावा. फरक जाणवला तर कारण सापडले. पुन्हा आवळताना उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच आवळावे. पाना नसेल तर कोचकडून किंवा क्लबमधून मागून आणावा, अंदाजाने आवळू नये, कारण हेच स्क्रू गोळ्यांचा गट कोठे पडतो तेही ठरवतात.

सातवी तपासणी: घासते कोठे ते पाहणे

एवढे करूनही करकर राहिली, तर बोल्टच्या अंगावर आणि लगवर काळ्या मार्कर पेनने पातळ रंग द्यावा, तो वाळू द्यावा आणि रिकामा बोल्ट वीसेक वेळा चालवावा. जेथे शाई पुसली जाईल तेथे धातू धातूला लागतो आहे. सर्वत्र समान, फिकट पुसले जाणे हे आरोग्याचे लक्षण. एकाच टोकदार जागी पोलाद उघडे पडणे म्हणजे तेथे उंचवटा आहे. ही तपासणी दोष दाखवते, दुरुस्त करत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर माणसाच्या हातात पॉलिश पेपर येतो. तो खाली ठेवावा.

रायफल नवी असेल तर संयम हेच पॉलिश. पातळ तेल लावून टीव्हीसमोर बसून रिकामा बोल्ट दोन-तीनशे वेळा चालवला आणि मग ते काळपट तेल पुसून टाकले, तर मार्ग आपोआप गुळगुळीत होतात, कारण जे भाग एकमेकांना लागतात तेवढेच घासले जातात. मात्र स्प्रिंग दाबणारा उतार यात घासला जात नाही, कारण पिन सुटल्याशिवाय ती पुन्हा दाबली जात नाही. त्यासाठी चाप ओढावा लागतो, आणि रिमफायर रायफलीत रिकाम्या चेंबरवर पिन सोडणे घातक ठरू शकते. काडतुसाची कड नसल्यामुळे पिन चेंबरच्या कडेवर आदळते आणि तेथे इवलासा खळगा पडून बाजूचा धातू आत उचलला जातो. मग प्रत्येक काडतूस त्या उंचवट्यावर घासते. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर प्लॅस्टिकचे नकली काडतूस किंवा झाडलेली पुंगळी वापरावी आणि पुंगळी दर वेळी थोडी फिरवावी, म्हणजे पिन कडेच्या न दबलेल्या भागावर पडेल.

आठवी आणि घरातली शेवटची तपासणी: बोल्टचे पोट

मूठ उचलणे तेवढे जड आहे, बाकी सगळे सुरळीत आहे, आणि उतारावर ताजे ग्रीस लावूनही फरक नाही, अशा वेळी बोल्टच्या आतल्या स्प्रिंगभोवती जुने वंगण गोठलेले असण्याची शक्यता मोठी. पुस्तिकेत बोल्ट उघडण्याची कृती दिली असेल तरच उघडावा. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती कोठे जाईल ते सांगता येत नाही. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा. आतले सारे धुऊन, वाळवून, स्प्रिंगवर तेलाचा हात फिरवावा. येथे ग्रीस भरू नये. पुस्तिका नसेल तर हा टप्पा सोडून द्यावा.

येथे थांबावे

पुढील गोष्टी दिसल्यास घरातले काम बंद करून रायफल परवानाधारक गनस्मिथकडे किंवा उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे न्यावी. चेंबरच्या कडेवर पिनचा खळगा दिसतो आणि त्याला लागून उंचवटा आहे. एक्स्ट्रॅक्टरचे नख तुटले आहे किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे. लगवर धातू सोलून निघाल्यासारखे खडबडीत पट्टे आहेत. चेंबरमध्ये गंजाने खड्डे पडले आहेत. पुंगळी फुगलेली, चिरलेली किंवा कडेपाशी फाटलेली निघते. झाडल्यावर मागून वायू किंवा कण चेहऱ्याला लागतात. मूठ पूर्ण खाली न जाताही पिन सुटते. यांतील शेवटच्या तीन गोष्टींनंतर त्या रायफलीतून आणखी एकही गोळी झाडू नये, "फक्त एकदा पाहू" म्हणूनसुद्धा नाही.

सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसात पेट घेणारा भाग बुडाच्या मध्यभागी असतो) असेल आणि रिकामा बोल्ट हलका, पण झाडल्यानंतरच मूठ उचलायला विलक्षण जड जात असेल, तर तो स्वच्छतेचा प्रश्न समजू नये. चेंबरमधील दाब वाजवीपेक्षा वाढत असल्याची ती खूण असू शकते. तो लॉट बाजूला ठेवावा आणि रायफल तपासून घ्यावी.

जिवंत काडतूस चेंबरमध्ये अडकले आणि बोल्ट उघडत नसेल, तर नळीचे तोंड टार्गेटकडे ठेवूनच हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवावे. पुढून रॉड घालून ते ठोकू नये.

लग घासणे, उतार पॉलिश करणे, चेंबरला रीमर लावणे, चापाचे भाग हलके करणे, ही कामे स्वतः न करण्याची दोन कारणे आहेत. पहिले धातूचे. या पृष्ठभागांचा कडकपणा बहुधा वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो थर घासून गेला की खालचे मऊ पोलाद काही महिन्यांत झिजते, आणि लगची मागची बाजू घासली तर बोल्ट आणि नळी यांतले अंतरच वाढते. एका तालुक्याच्या गावातून आलेली अशी एक रायफल मी पाहिली आहे, जिच्या मालकाने लेथवाल्याकडून बोल्ट "चकाचक" करून आणला होता. तो आरशासारखा चमकत होता आणि पाण्यासारखा चालत होता. तिच्या पुंगळ्या मात्र कडेपाशी फुगून निघत होत्या. ती रायफल पुन्हा कधी रेंजवर आली नाही. दुसरे कारण कायद्याचे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांच्या निर्मितीप्रमाणेच त्यांची दुरुस्ती आणि रूपांतर यांनाही परवाना लागतो. आपल्या परवान्यावरची रायफल पुसणे, तेल घालणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती लेथवाल्याच्या हाती देणे मात्र दोघांनाही अडचणीत आणणारे आहे.

गनस्मिथकडे जाताना रायफल अगदी घासूनपुसून नेऊ नये. शेवटच्या सत्रातल्या दहा पुंगळ्या झाडल्याच्या क्रमाने एका पट्टीत लावून, काडतुसाच्या खोक्यावरचा लॉट क्रमांक आणि सुरुवातीला लिहिलेला तो कागद, म्हणजे कोणत्या हालचालीत कोठे अडते याची नोंद, सोबत न्यावी. आमच्याकडच्या रायफली ज्या कारागिरांकडे जातात ते आधी पुंगळ्या मागतात, भिंगाखाली कड पाहतात, आणि पुष्कळदा रायफलीची पेटी उघडण्याआधीच दोष सांगतात.